तण काढणे, मजूर चार

उद्यान विभागात मी वही सांभाळायचो, एकवीस वर्षं.
गंगापूर रोड, सिडको, नाशिकरोड,
कुठल्या बागेत किती झाऱ्या, किती विळे,
गुलाबाची किती कलमं धरली, किती वाळली.
शहराचं जुनं नाव गुलशनाबाद,
म्हणून वरच्यांना गुलाबच हवे असत.
आणि दर श्रावणात, निळ्या शाईत, तीच ओळ :
तण काढणे, मजूर चार.

त्या चारांतले एक निवृत्ती बेंडकोळी.
अंजनेरीच्या पायथ्याहून पहिल्या एसटीनं यायचे,
उकिडवं बसून हिरवळीवरून सरकत राहायचे,
धुतलेल्या घोंगडीतून कुणी कुसळं वेचावीत तसे.
आम्ही म्हणायचो, नावातच निवृत्ती,
तरी सगळ्यांत शेवटी सुटणार.
ते हसायचे नाहीत.

या भादव्यात त्यांचा फोन आला.
"साहेब, या की एकदा. वही नका आणू."

वर पठारावर माणसं पालथी पडलेली.
गुडघ्यांना पट्टे, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी,
श्वास रोखून,
बोटभर एका फुलापुढे.
मीही वाकलो.
आभाळी.
निळी-जांभळी, केसाळ, पापणीसारखी.
ओळखीची निघाली.
माझ्याच सहीनं टोपल्या भरभरून
खताच्या खड्ड्यात गेलेली.

पुढे तेरडा, डोंगराची एक आख्खी कूस गुलाबी.
(हाच तेरडा गौरीच्या आदल्या दिवशी
रविवार कारंजावर वीस रुपयांना जुडी.
त्याच आठवड्यात आमचे चार मजूर
तो मुळासकट उपटत असत.)
कातळाच्या ओल्या खळग्यात सीतेची आसवं.
पंचवटी सोडून इतक्या उंच
कुणाला यावं लागलं असेल रडायला?
बेंडकोळी म्हणाले, "पाय जपून."
एवढंच.

कॅमेरेवाल्यांना कंदीलफूल हवं होतं.
"मामा, जागा दाखवा, पाचशे देतो."
"मला नाही ठाऊक," म्हणाले,
आणि वाट बदलली.
जरा उतरल्यावर कारवीच्या आडोशाला थांबले.
बिडी पेटवली.
विझलेली काडी खाली टाकली नाही,
खिशात ठेवली.
मी इकडेतिकडे पाहिलं नाही.

मग विचारलंच.
"उपटताना काही वाटायचं नाही?"
"हाताला कुठं काय वाटतं, साहेब.
सांगितलं की करतो हात."
धूर वाऱ्यानं ओढून नेला.
बराच वेळानं, समोरच्या ब्रह्मगिरीला सांगावं तसं :
"पंपघराच्या मागं मात्र मी कधी विळा लावला नाही.
खाटेएवढी जागा.
तुम्ही तिकडं कधी आलाच नाहीत."

आलो होतो.
ऑडिटच्या वर्षी, सप्टेंबरात, मोटारीचा नंबर उतरवायला.
गळक्या नळाखाली खाटेएवढं रान :
तेरडा, कुर्डू, टाकळा,
आणि मधोमध पिवळं काहीतरी, नाव न येणारं.
फुलपाखरं इतकी
की नंबर चुकीचा उतरवला.
परत येऊन वहीत लिहिलं,
काम पूर्ण.
आणि सही केली.

हे त्यांना सांगणार होतो, तेवढ्यात
खालून त्यांच्या सुनेनं हाक दिली,
नागलीची भाकर, भारंगीची भाजी.
भाजी कडवट होती. दोनदा घेतली.

संध्याकाळी एसटीतून उतरून
सवयीनं बागेत शिरलो.
पंपघर पाडलंय. तिथं आता
लोखंडी तारांचं मोठं हृदय, आत दिवे,
प्लास्टिकची सूर्यफुलं,
आणि फोटोसाठी रांग.
रखवालदार नवा, मला ओळखत नाही.
बाकावर बसून
पँटच्या दुमडीत अडकलेली कुसळं, बिया
एकेक वेचत राहिलो.

कुठे टाकल्या,
ते कुठल्याही वहीत नाही.